काळजिभी म्हणवून घेणारी पमा

पमा, तुला मातीत ठेवून येऊन अजून आठवडाही झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. दुसरं काही सुचतच नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तसं बोलणाऱ्या आता पुष्कळ निघाल्यात. तू समोरून आलीस की लेकराच्या तोंडावर पदर ओढणाऱ्या बायासुद्धा परवा नळावर म्हणत होत्या, "मनानं लय गरीब होती बिचारी." मी घागर तिथंच आपटली आणि घरी निघून आले. पाणी सुनेनं भरलं.

वाशीमला तुझ्या दफनाला आपल्या गावातून मी, माझी सून आणि विहारातल्या दोघीजणी, एवढ्याच होतो. बाकी तुझ्या प्रार्थनेतली माणसं आणि नाशिकहून आलेला तुझा मुलगा दिलीप. आमच्यात जाळतात, त्यामुळे माणसाला मातीत ठेवताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पाळकसाहेब प्रार्थना म्हणत होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, आणि मी उघड्या डोळ्यांनी खड्ड्यात बघत होते. तुला थंडी कधी सोसली नाही. दिवाळी सरली की स्वेटरावर स्वेटर चढवून उन्हाला ओट्यावर बसणारी तू, आणि तुला त्या गार मातीत ठेवत होते. मूठभर माती टाकायची माझी पाळी आली तेव्हा माझी मूठच उघडेना. सुनेनं एकेक बोट सोडवलं.

तुझा नवरा शाळेत शिपाई म्हणून मेडशीला बदलून आला आणि आमच्या भिंतीला भिंत लागून तुमचा संसार उतरला. गावात ख्रिस्ती घर ते एकच. पहिल्या डिसेंबरात तू दारावर कागदी चांदणी टांगलीस, तर माझी सासू म्हणाली, "दिवाळी होऊन महिना झाला, या बाईले आता कंदील आठवला का?" आम्ही बौद्ध, तुम्ही ख्रिस्ती, आणि गावाच्या लेखी दोघंही वेगळेच. बहुतेक त्यावरच आपलं जमलं. दुपारची कामं आटोपली की तू माझ्या शिलाई मशीनजवळ येऊन बसायचीस आणि आपण एकमेकींच्या देवाधर्माची उणीदुणी काढायचो.

"तुमचे बुद्ध तं डोये मिटून बसले हायेत. त्याहीले लोकाचं दुख दिसते तरी कसं?" तू म्हणायचीस.

"अन् तुहा प्रभू रडते म्हणते! देव असून रडते. आमाले असा देव परवडत नाई, बाई."

मग तू मला ती गोष्ट सांगायचीस, त्याचा मित्र मेला होता ती. चार दिवस झाले होते, आणि याला चांगलं ठाऊक होतं की आता घडीभरात आपण त्याला उठवणार आहोत. तरी तिथं जाऊन तो रडला.

"मंग कायले रडला? उठवणारच होता तं?"

"त्याच्या बहिणी रडून राह्यल्या होत्या म्हून."

मी तुझ्या पुढ्यात ब्लाउज टाकले आणि हूक लावायला सांगितले. तू लावत बसलीस. पण तुझं सगळं येशूचं शिक्षण त्या एका वाक्यात होतं, हे मला पुढे कळलं. त्याच्या सामर्थ्याबद्दल तू मला कधी फार सांगितलं नाहीस. तो रडला, त्याला कळवळा आला, कोणी हात लावत नव्हतं त्याला त्यानं हात लावला, हेच तुझ्या तोंडी असायचं. मी म्हणायची, "तुह्या देवानं चमत्कार बी केले असन ना वं काही?" तर तू म्हणायचीस, "केले. पण ते आपल्याच्यानं होत नाई. हे होते."

माझा माणूस गेला तेव्हा तुझ्या हातून ती पहिली चूक झाली. मरणाच्या घरून उठताना आपल्याकडे कोणी "येतो" म्हणत नाही. गुपचूप उठायचं आणि चालू लागायचं. येतो म्हटलं तर त्या घरी पुन्हा तशाच कामासाठी येणं पडतं, असं मानतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तू लहानपणापासून वसतिगृहात वाढलेली, तुला कोण सांगणार? भरल्या घरात तू पदर सावरत उठलीस, माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "येतो वं सुशे." रडणाऱ्या बाया रडायच्या थांबल्या. माझी सासू तर अशी बघायला लागली की मला वाटलं, आता उठून तुझ्या झिंज्या धरते.

पण तू खरंच आलीस. पहिले दिवस सगळेच येतात. माणसाला श्वास घ्यायला जागा उरत नाही इतके येतात. जलदान विधी झाला, मांडव निघाला, आणि मग घर असं रिकामं झालं की भिंतीवरची पाल चुकचुकली तरी दचकायला व्हायचं. त्या दिवसांत तू एकटी यायचीस. सुपात तूर घेऊन बसायचीस आणि निवडत राहायचीस. एकदा मी चिडले. म्हटलं, "काही बोलत काहून नाईस वं? येऊन नुसती तूर निवडून राह्यली." तू म्हणालीस, "मले काय समजते याच्यातलं? तू रड. मी इथीच हाओ." नवरा गेल्यापासून मला धीर धर, लेकरांकडे बघ, असं सांगणाऱ्यांची रांग लागली होती. रड म्हणणारी तू एकटी. त्या दुपारी मी पोटभर रडले.

पुढे मीच तुला सांगितलं की मरणाच्या घरी येतो म्हणत नाहीत. तुझा चेहरा उतरला. मग जरा विचार करून म्हणालीस, "पण मले तं जायाचं असते वं पुन्हा. न सांगता कशी उठू? त्या बाईले कसं समजन का कोनी येणार हाय म्हून?" आणि तेव्हापासून तू ते जाणूनबुजून म्हणायला लागलीस. हळू, त्या बाईच्या कानाशी, पण म्हणायचीस. आपण किती वेळा यावर भांडलो! मी म्हणायची, दया करायची तर समोरच्याला सोसेल तशी करावी, आपल्या मनाला येईल तशी नाही. तू म्हणायचीस, बरोबर आहे तुझं. आणि पुढच्या घरी पुन्हा तेच. हट्टी होतीस तू. दयाळू माणसं गोगलगायीसारखी मऊ असतात असं ज्याला वाटतं, त्यानं तुझ्या शेजारी राहून बघायला पाहिजे होतं.

सिंधूच्या घरी मीच तुला घेऊन गेले. रस्त्यापलीकडच्या वाडीतली ती पोरगी माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकायची, म्हणून ओळख. नवऱ्यासोबत दरवर्षी ऊसतोडीला जायची. त्या वर्षी नवरा उसाच्या ट्रॉलीवरून पडला आणि तिकडून त्याला गाडीत घालूनच आणलं. घरात उरल्या तिघी, सिंधू, तिची तीन वर्षांची मनू आणि सासू गिरजाबाई. तू सिंधूच्या कपाळाला कपाळ लावून रडलीस. ना ओळख ना पाळख, पण तुझ्या डोळ्यांचं पाणी तिच्या गालावरून जात होतं. आणि उठताना तू तुझं ते म्हणालीस. हळू म्हणालीस, पण गिरजाबाईनं ऐकलं.

"काय म्हणते वं ही? कोनाच्या घरी काय बोला लागते, समजत नाई का इले?"

मी सारवासारव केली. तू मात्र म्हटल्याप्रमाणे जात राहिलीस. पिठलं-भाकर बांधून न्यायचीस, मनूला तुझा चष्मा खेळायला द्यायचीस. म्हातारी तोंड वाकडं करायची, पण भाकर ठेवून घ्यायची.

पुढचं मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. तूच बोलू दिलं नाहीस. आता मला अडवणारं कोण आहे?

सिंधू मनूला सासूजवळ ठेवून काही दिवसांसाठी रिठदला भावाकडे गेली होती. वाडी निम्मी ओस, सगळे उसाला गेलेले. तू ठरल्याप्रमाणे भाकर घेऊन गेलीस, तर दाराला कडुनिंबाचा टहाळा बांधलेला आणि आतून मनूचं कण्हणं ऐकू येत होतं. पोरीला ताप होता, अंगावर पुरळ आलं होतं, आणि गिरजाबाईनं ठरवून टाकलं होतं की माता आली आहे. माता आली की डॉक्टरला दाखवत नाहीत, औषध दिलं तर ती कोपते. घरात बाहेरचं माणूस घेत नाहीत. माझ्या आजीनंही हेच केलं असतं, त्यामुळे मी म्हातारीला मूर्ख म्हणणार नाही. तिनं तिच्या परीनं नातीची सेवाच चालवली होती. कडुनिंबाच्या पाल्यानं वारा घालत होती, दारात पाणी शिंपडत होती, मातेला हात जोडत होती. तीन दिवस तेच चाललं होतं.

तू दारातून हात जोडलेस. पाया पडलेस. ती ऐकेना, तेव्हा फोन लावून तू दवाखान्याची गाडी बोलावलीस. गाडी आली तशी म्हातारीनं आतून कडी घातली आणि ओरडून सांगितलं, "इथी कोनी बिमार नाई, जा वापस." घरात मोबाइल एकच, तो म्हातारीजवळ, त्यामुळे सिंधूला कळवायलाही वाट नव्हती. मी त्या दिवशी वाशीमला लेकीकडे होते. सकाळच्या पहिल्या एसटीनं उतरले तर तू स्टँडवरच उभी. माझा हात धरून चालायला लागलीस, तसं सगळं सांगितलंस. आता दोघी मिळून दार फोडू, पण पोरीला बाहेर काढू, असं म्हणत आपण वाडीच्या वळणाला लागलो, आणि तिथंच गिरजाबाईचा हंबरडा ऐकू आला.

आपण पोहोचलो तेव्हा दारावरचा टहाळा नव्हता. मागच्या बाजूला, उकिरड्यावर टाकलेला मी पाहिला. तूही पाहिलास. गिरजाबाई आल्यागेल्याला सांगत होती की रात्रीतून ताप आला आणि पोर गेली.

दुपारी सिंधू आली. तिचं ते धावत येणं मी या जन्मात विसरणार नाही. नवरा जाऊन अजून दोन महिने झाले नव्हते. "काय केलं वं माह्या लेकराले? काय झालं तिले? सांग ना, आत्या, काय झालं?" म्हणत तिनं सासूचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. आणि म्हातारी आजूबाजूला बघायला लागली. बुडणारं माणूस हाताला काही लागतं का बघतं तशी. तिला तू दिसलीस.

"ही! हिनं म्हटलं होतं येतो म्हून! भरल्या घरात म्हटलं, मरणाच्या घरी! काळजिभी हाय, काळजिभी! हिनंच बोलावलं!"

सगळे तुझ्याकडे वळले. सिंधूही वळली. मी तोंड उघडलं होतं, पमा. टहाळा, कडी, परत गेलेली गाडी, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तू माझं मनगट असं दाबलंस की बांगडी पिचली. आणि पुढे होऊन, त्या म्हातारीच्या पायाजवळ बसून तू म्हणालीस, "माहं चुकलं, बाई. म्या तसं बोलायचं नव्हतं."

परत येताना मी तुला काय काय बोलले ते आठवतं का? रस्ताभर बोलले. येडी म्हटलं, ढोंगी म्हटलं. म्हटलं, "एका लेकराचं मरण तू आपल्या आंगावर घेऊन आली. गाव तुले आता जगू देईन का? कायले कबूल केलं?"

मग म्हणालीस, "सुशे, सिंधूले नवरा नाई, लेकरू नाई. त्या बुढीले पोरगा नाई. एकमेकीशिवाय दोघीले हाय कोण? सिंधूले खरं समजलं तं ती बुढीच्या हातचं पाणी तरी पेईन का? अन् बुढी वाचन का?"

"अन् तुहं काय?"

"माह्या घरी तं कोनी मेलं नाई ना."

मी म्हटलं, हा न्याय नाही. तू म्हणालीस, न्याय नाहीच. मग तुझ्या प्रभूचं काढलंस, त्यानं काही केलं नव्हतं तरी लोकांचा दोष अंगावर घेतला आणि तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हा मी भडकलेच. "तुहा प्रभू देव होता म्हणते ना तू? अन् तू कोण लागून गेली?" तू म्हणालीस, "मी कोनी नाई वं. पण बुढीले कोनावर तरी राग काढा लागते. मातेवर काढा म्हटलं तं तिले भेव लागते. आपल्यावर काढला तं ती मरते. माह्यावर काढू दे."

त्या दिवसापासून गावानं तुझं नाव टाकलं. तुला काळजिभी, काळ्या जिभेची, म्हणायला लागले. हळदीला बोलावणं नाही, बारशाला नाही, आणि तुझ्या जिवाला सगळ्यात लागलं ते हे की मरणाच्या घरीही तुला दारातूनच परतवायला लागले. शेवटी तू जायचं बंद केलंस. म्हणालीस, त्यांना माझी भीती वाटते, दुःखात अजून भीती कशाला? तो तुझा हट्ट कुठे गेला होता तेव्हा? मला तो हट्ट हवा होता. मला तू भांडायला हवी होतीस. पण तू सकाळी उठून चूल पेटवायचीस, भाकरी थापायचीस, पिठलं घोटायचीस आणि डबा माझ्या हातात द्यायचीस. मी तो मरणाच्या घरी माझा म्हणून न्यायची. लोक म्हणायचे, सुशीलाबाईच्या हाताला चव आहे. मी घरी येऊन तुला सांगायची आणि तू पोट धरून हसायचीस. "चव तं राहीनच. तुह्या हातचं पिठलं खाल्लं असतं तं अजून एक मयत झाली असती." अशा गोष्टीवर हसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पण एकदा मी अचानक आत आले तर तू चुलीपुढे बसली होतीस, तव्यावरची भाकर जळून कोळसा झाली होती, आणि तू बाहेर रस्त्यावर बघत होतीस. समोरच्या घरात त्या दिवशी म्हातारा गेला होता. बायांचं रडणं ऐकू येत होतं. दोन पावलांवर रडणं चाललं होतं आणि तुला तिथं जायला मनाई. मला पाहून तू उलथनं हातात घेतलंस आणि म्हणालीस, धूर गेला डोळ्यात. एवढं एकच खोटं तू माझ्याशी बोललीस.

मला राग येतो, पमा, की तुझी दया सगळ्यांना पुरली आणि तुझ्यासाठी उरली नाही. मला राग येतो की दर रविवारी एसटीनं वाशीमला जाऊन तू त्या सासू-सुनेसाठी प्रार्थना करायचीस, आणि इकडे त्या तुझ्या नावानं बोटं मोडायच्या. तुझ्या देवानं एकदा तरी त्यांच्या मनात काही घालायचं होतं. तू म्हणायचीस, घातलं असेल, आपल्याला काय माहीत. मी म्हणायची, तुझा देव फार सावकाश काम करतो. हे भांडण आपलं राहूनच गेलं.

तुझा नवरा आधीच गेलेला, दिलीप नाशिकला, म्हणून तुझ्या आजारात मी रोज तुझ्याजवळ बसायची. तुझ्या सुपातली तूर मीच निवडायची. एक दिवस तू जरा बरी दिसत होतीस, तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, "आता बस झालं. तू गेल्यावर मी सिंधूले सांगणार हाओ. तुह्या नावाले हा कलंक मी ठेवणार नाई." वाटलं, तू शपथ घालशील. तू घातली नाहीस. डोळे मिटून पडून राहिलीस आणि म्हणालीस, "मी गेल्यावर तुले कोण आडवणार? सांगजो. पण आंधी दोघींले नीट पाह्यजो, मंग सांगजो." हे आपलं त्या विषयावरचं शेवटचं बोलणं. त्यानंतर तू पाणी मागितलंस, उशी सरकव म्हणालीस, दिलीपनं फोन केला का विचारलंस. शेवटच्या दोन दिवसांत तर काहीच बोलली नाहीस.

काल मी वाडीत गेले. मनाशी ठरवून गेले. सुनेला सांगितलं, आज माझ्या मैत्रिणीचं नाव धुऊन येते. रस्त्यानं शब्द जुळवत होते. तुरीच्या शेतातून पायवाट आहे ना, तिथं थांबून एकदा मोठ्यानं बोलूनही पाहिलं. कडुनिंबाचा टहाळा बांधला होता, सिंधू. पोर तीन दिवस तापानं फणफणत होती. दवाखान्याची गाडी दारातून परत पाठवली. पमा पाया पडत होती. इतकंच सांगायचं होतं. सगळं खरं होतं, त्यात माझ्या पदरचं काही नव्हतं.

गिरजाबाई आता चालत नाही. अंगणात उन्हाला खाट टाकलेली होती, त्यावर तिला बसवून सिंधू मागून तिच्या केसांना तेल लावत होती. म्हातारीच्या डोक्यावर केस ते किती उरलेत! पण सिंधू एकेक बट धरून गुंता सोडवत होती आणि रागावत होती, "बुढे, हालू नको म्हटलं ना. लहान लेकरू हाय का तू?" म्हातारी हलत होतीच. खाटेजवळ वाटीत दूध-भाकर कुस्करलेली. सिंधू म्हणाली, "दुसऱ्या कोनाच्या हातानं खातच नाई, मावशी. मी कामाले गेली तं उपाशी राह्यते." रिठदचा भाऊ तिला न्यायला दोनदा येऊन गेला, ती गेली नाही. "हिले कुठी टाकू?" म्हणाली.

तिनं चहा ठेवला. मी कप हातात घेऊन बसले. शब्द तयार होते.

सिंधूच बोलली. "त्या बाई गेल्या म्हणते, मावशी."

"गेली."

ती पुन्हा म्हातारीमागे बसली, फणी हातात घेतली, पण फिरवली नाही. "एक इचारू? लय दिवसापासून मनात हाय. कोनाले इचारता येत नाई. नुसतं येतो म्हटल्यानं लेकरू जाते का वं? का अजून काही होतं? तुमी होत्या ना तथी. मले खरं सांगा."

पमा, मी म्हातारीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात खाटेच्या दोरीला धरलेले. इतक्या वर्षांत तिनं माझ्या डोळ्याला डोळा दिला नव्हता, काल दिला. तिला सगळं ठाऊक आहे. विसरलेली नाही, स्वतःची समजूतही घातलेली नाही. त्या दाराची कडी ती रोज घालत असेल आणि रोज काढायला धावत असेल. ती मला काही विनवतही नव्हती. नुसती वाट बघत होती, मी केव्हा बोलते याची. आणि तिच्या डोक्यामागे सिंधूचा चेहरा होता, तोही वाट बघत असलेला.

चहा गार झाला. मी तो तसाच प्यायले.

आणि म्हटलं, "लेकरू जाते वं सिंधू. कोनाकोनाची जीभच असते तशी. पमाच्यानंच झालं ते."

सिंधूनं मोठा श्वास सोडला. "मले बी तसंच वाटे," म्हणाली, आणि तिचा हात पुन्हा चालायला लागला. गिरजाबाईनं पदर तोंडात कोंबला. तिचं सगळं अंग हलायला लागलं. सिंधूला वाटलं, नातीच्या आठवणीनं रडतेय. तिनं फणी खाली ठेवली, म्हातारीला मागून कवेत घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "उगी राह्य, बुढे. उगी. मी हाओ ना."

मी उठले आणि चालू लागले. तुरीच्या शेतात येईपर्यंत रडू आवरलं, मग नाही आवरलं. तुझं नाव धुवायला गेले होते, पमा, आणि त्यावर माझ्या हातानं आणखी चिखल थापून आले. आता उरलेली माणसंही ते खरं मानतील, कारण तुझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीनं सांगितलंय.

आमच्या पंचशीलात चौथं खोटं न बोलण्याचं आहे. दर पौर्णिमेला विहारात हात जोडून मी ते म्हणते. तुमच्यातही शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये म्हणतात, तूच सांगितलं होतंस. मी शेजारणीविरुद्धच दिली, तीही मातीत गेलेल्या. आमच्यात माफी मागायला देव नाही. तुझ्याजवळ आहे, तर तूच माग माझ्यासाठी. मी मागणार नाही, कारण उद्या सिंधूनं पुन्हा विचारलं तर मी पुन्हा हेच सांगणार आहे.